बर्फाचं वय

कपाच्या काठावर तिरकी ठेवलेली गाळणी आपोआप घसरली आणि खण्णकन सिंकमध्ये पडली. घर इतकं शांत होतं की मी दचकून पाळण्याकडे पाहिलं. धाकट्यानं झोपेतच ओठ हलवले, स्वप्नात दूध मिळाल्यासारखे, आणि कूस बदलली. मुंगी, माझी साडेपाच वर्षांची मुलगी, जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मान वर न करता तिनं कुजबुजत विचारलं, "कोण पडलं?"

"गाळणी."

"तू तिला नीट ठेवलं नव्हतंस. सॉरी म्हण. मग ती असू दे म्हणेल."

हा आमच्या घरातला नियम. चुकेल त्यानं सॉरी म्हणायचं, ज्याला लागलं त्यानं 'असू दे' म्हणायचं, आणि मग तो विषय कुणी पुन्हा काढायचा नाही. नियम मीच केलेला. एरवी मी गाळणीला सॉरी म्हटलंही असतं. त्या शनिवारी मात्र मला सिंककडे बघवेना. चहाचा चोथा सगळीकडे पसरला होता, ओला, काळपट, मधूनमधून सिंकचा पांढरा पत्रा दिसत होता, आणि माझ्या कानात पट्टीवाले काका बोलत होते. सोमवारी त्यांचा वरून फोन आला होता.

"पोरी, चहा गाळून झाल्यावर गाळणीत उरतं ना, तसा दिसतोय बघ इथला बर्फ. गेल्या आठवड्यातल्या वाऱ्यानं सगळी धूळ आणून टाकलीये. रुमाल ठेवून बघितला. रुमाल चमकतोय."

आणि मी म्हणाले होते, "काका, आमच्याकडे पडद्यावर तर तो दुधासारखा पांढरा दिसतोय!" आणि हसलेही होते.

पट्टीवाले काका खिंडीजवळच्या चौकीवर असतात. रोज सकाळी सात वाजता बाहेर पडून बर्फात रोवलेली उंच पट्टी वाचायची, आकडा खाली कळवायचा, हे काम ते एकतीस वर्षं करतायत. मी शिकाऊ होते तेव्हा दोन महिने त्यांच्या हाताखाली राहिले. बर्फ बघायला त्यांनीच शिकवलं. खिशातला पांढरा रुमाल काढून बर्फावर पसरायचा. ताज्या बर्फावर चांगला धुतलेला रुमालसुद्धा पिवळट, कळकट दिसतो. बर्फ जुना झाला, मळला, की तोच रुमाल झगझगीत दिसायला लागतो. "रुमाल लाजला तर बर्फ ताजा," ते म्हणायचे, "आणि रुमालानं मिरवायला सुरुवात केली की समज, आता हा बर्फ ऊन पिणार."

मी पुढे खाली शहरातल्या हवामान कार्यालयात लागले आणि मॉडेलमधला बर्फ माझ्या वाट्याला आला. मॉडेल म्हणजे संगणकात मांडलेली हवा, डोंगर, ऊन, पाऊस. उद्या काय होईल हे ते आज मोजून सांगतं. बर्फ किती ऊन परत आकाशात धाडतो, हा त्यातला माझा तुकडा. ताजा बर्फ शंभरातले पंच्याऐंशी वाटे ऊन परत पाठवतो, जुना पन्नासएक. पण मॉडेलला डोळे नाहीत आणि त्याच्या खिशात रुमालही नाही. आमच्या मॉडेलला मळ कळत नाही, धूळ कळत नाही. त्याला फक्त बर्फाचं वय कळतं. दिवस जातात तसं वय वाढतं, पांढरेपणा उतरतो. आणि एका दिवसात निदान एक सेंटिमीटर नवा बर्फ पडला तर वय पुन्हा शून्य. म्हातारा बर्फ एका रात्रीत तान्हा.

मागच्या शरद ऋतूत मी त्या एका सेंटिमीटरचा एक मिलिमीटर केला.

चूक म्हणून नव्हे, विचार करून. हिवाळ्यातल्या दुपारी आमच्या अंदाजात दीड अंश जास्त उबदार निघायच्या. बर्फ जरा लवकर ताजा होऊ दिला की ऊन जास्त परत जाईल आणि दुपारी थंड होतील, असं मला वाटलं. जानेवारी महिना मागे नेऊन चालवून पाहिला. चूक दीडावरून अर्ध्यावर आली. मला इतका आनंद झाला! बाळंतपणाच्या रजेवरून येऊन तीन आठवडे झाले होते. सगळे माझ्याशी जपून बोलायचे, मी काचेची असल्यासारखे, आणि आता माझ्याकडे दाखवायला आलेख होता.

कुठलाही बदल मॉडेलमध्ये घालायच्या आधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात दोन चौकोन असतात. हिवाळ्यातली चाचणी केली. वितळण्याच्या महिन्यांतली चाचणी केली. दुसरीला दोन दिवस लागतात, मागचे तीन वसंत चालवायचे आणि नकाशे एकेक करून बघायचे. त्या शुक्रवारी धाकट्याला ताप होता. पाळणाघरातून दोनदा फोन आला होता. दूध येऊन छाती दगडासारखी झाली होती, ब्लाऊज ओला होऊ नये म्हणून मी फाइल छातीशी धरून बसले होते. फॉर्म त्या दिवशी गेला नाही तर बदल या हिवाळ्यात बसणार नव्हता. चाचणी सोमवारी करू, असं मनाशी म्हणाले आणि दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली.

सोमवारी धाकट्याला दात आला. मग मुंगीच्या शाळेत काहीतरी होतं. मग खूण केलेलीच होती.

आमच्या साहेबबाईंनी फॉर्मवर सही करताना म्हटलं होतं, "तुझी खूण आहे ना, मग मला बघायला नको." ते वाक्य मला तेव्हा किती गोड लागलं होतं.

जानेवारी छान गेला. अंदाज बरोबर यायचे, लोक कौतुक करायचे. मग दिवस मोठे झाले, सूर्य वर आला, धुळीचा वारा सुटला. वर रोज नाममात्र भुरभुर होत होती, बोटाला चिकटेल एवढी. आणि त्या भुरभुरीनं मॉडेलमधला बर्फ रोज सकाळी तान्हा होत होता. पांढरा, गार, ऊन झटकून टाकणारा. खरा बर्फ मात्र धुळीनं काळवंडून ऊन पीत होता. काकांचे आकडे यायचे. चौऱ्याण्णव, एक्याऐंशी, सहासष्ट सेंटिमीटर. मॉडेल म्हणायचं, त्र्याण्णव, म्हणजे वितळत काहीच नाही. आकडा मॉडेलशी फारच जुळला नाही की यंत्रणा त्यालाच बाजूला काढते आणि समोर लिहिते, 'संशयास्पद'. दोन दिवस काकांच्या नावापुढे संशयास्पद लागत होतं आणि मी ते बघत होते.

गुरुवारी दुपारी त्या वितळलेल्या बर्फाचं पाणी घेऊन शहरातला ओढा वर आला.

कुणी गेलं नाही. हे मी पुन्हापुन्हा मनाशी म्हणते आणि त्यानं काही होत नाही. खालच्या गल्लीतल्या बत्तीस घरांत पाणी शिरलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची भट्टी बुडाली. मुंगीच्या शाळेचा खालचा मजला गुडघाभर पाण्यात गेला, आणि खालच्या मजल्यावर लहान वर्ग भरतात. तिच्या बाईंनी मुलांना एकेक करून जिन्यापर्यंत उचलून नेलं. मी धापा टाकत पोचले तेव्हा मुंगी वरच्या पायरीवर एका पायात बूट आणि एका पायात ओला मोजा अशी बसली होती. "आई, माझा बूट पोहायला गेला," ती म्हणाली. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

शुक्रवारी कार्यालयात बैठक झाली. अंदाज का चुकला? पडद्यावर दोन रेघा होत्या, मॉडेलची सपाट, काकांची उतरती. कुणीतरी म्हणालं, "खरी रेघ उतरत होती तर आपण पकडली का नाही?" दुसरं कुणी म्हणालं, "चौकीवरचे आकडे संशयास्पद आले होते. त्यांचं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं झालं ना? वय झालंय." साहेबबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बर्फाच्या बाजूनं काही?"

मी म्हणाले, "बघून सांगते."

एवढंच म्हणाले मी. अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात वाक्य पडलं, 'चौकीवरील नोंदी वेळीच ग्राह्य धरता आल्या नाहीत, निरीक्षकाच्या वाचनाबाबत शंका होती.' काकांना त्याच दुपारी जबाब द्यायला खाली बोलावलं.

तर त्या शनिवारी दुपारी मी सिंकमधला चोथा बोटांनी गोळा करत होते. नवरा बेकरीवाल्याकडे चिखल उपसायला गेला होता. दारावर हलकेच टकटक झाली, बाळ असलेल्या घराचं दार वाजवावं तशी. मी ओल्या हातानंच दार उघडलं.

पट्टीवाले काका. अंगात ठेवणीतला कोट, हातात खोकं.

"झोपलंय ना पिल्लू? मग बसत नाही. हे मोठीला." खोक्यात बूट होते. लाल, मुंगीच्या मापाचे. "बाजारात कळलं, तिचा बूट गेला म्हणून."

"पट्टीआजोबा!" मुंगी रंगाच्या हातांनी धावली.

"अगं हळू, कोट धुवायला टाकणारी घरात कुणी नाही." ते खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरला, प्यायले नाहीत.

"काल विचारलं मला त्यांनी," ते म्हणाले. "पट्टी नीट दिसते का, म्हणाले. भिंतीवर अक्षरं लावून वाचायला लावली, डॉक्टरकडे लावतात तशी. मी वाचली. शेवटची ओळ जरा अडखळलो. मी त्यांना रुमालाचं सांगितलं तर एक जण हसला."

पुसलेलेच हात मी पुन्हा पदराला पुसले.

"पोरी, मी रात्रभर विचार केला. कदाचित त्यांचंच बरोबर असेल. ऑपरेशन झाल्यापासून पांढरं मला जरा निळं दिसतं, हे खरं आहे. सोमवारी तुला मी ठासून सांगायला हवं होतं. तू हसलीस तेव्हा मलाच वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असणार. म्हणून पुढे जोर धरला नाही. खाली लहान मुलं पाण्यात..." त्यांनी मुंगीच्या पायांकडे पाहिलं. "मला माफ कर. तुझं पोर होतं तिथं. सॉरी, पोरी."

मुंगी आमच्या दोघांच्या मधे उभी होती, एका हातात लाल बूट. तिनं माझ्याकडे पाहिलं. आता आईची पाळी, हे तिला ठाऊक होतं.

खोलीत बाळाचा श्वास ऐकू येत होता. मला सांगता आलं असतं. तिथंच, त्या क्षणी, फक्त तीन माणसांसमोर, त्यातलं एक झोपलेलं.

"असू दे, काका," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा सैल झाला. पाणी त्यांनी एका दमात पिऊन टाकलं. जाताना मुंगीच्या पायात स्वतः खाली बसून बूट घातले, नाडी दोनदा बांधली. दार लावून घेतल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडले. रडणं कसलं, आतून काहीतरी ओरबाडून काढत होते. आरशात बघायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी नवरा परत आला. चिखलाचे बूट बाहेर काढत होता तेव्हाच मी त्याला सांगितलं. तो उकिडवा बसून ऐकत राहिला. "अगं, तू किती दमली होतीस तेव्हा," तो म्हणाला. "बाळ आजारी. कुणाकडूनही झालं असतं."

"कुणाकडूनही झालं नाही ना. माझ्याकडून झालं. आणि दमलं म्हणून चुकीचा आकडा पडतो रे, खोटी खूण नाही पडत."

त्यानं दुसरा बूट काढून भिंतीशी ठेवला. मग म्हणाला, "सोमवारी लवकर जा तू. पोरांचं मी बघतो."

सोमवारी सकाळी साडेसहाला मी कार्यालयात होते. मॉडेलमध्ये माझा बदल तसाच ठेवून मागचे तीन वसंत चालवायला टाकले. जे ऑक्टोबरात करायचं होतं ते. दोन दिवस लागले, फॉर्मवर लिहिलंय तेवढेच. मंगळवारी दुपारी नकाशे बाहेर आले आणि काही बारकाईनं बघायलाच नको होतं. तिन्ही वर्षं सगळा उतार निळा, थंड, मे उजाडला तरी बर्फ जागचा हलत नव्हता. शिकाऊ मुलीलासुद्धा एका नजरेत दिसलं असतं. मी ते तीन कागद छापले आणि साहेबबाईंच्या खोलीत गेले.

त्या चष्मा डोक्यावर सरकवून सफरचंद खात होत्या. "ये. बर्फाचं काही सापडलं?"

"मॅडम, फॉर्मवरची दुसरी खूण खोटी आहे."

"कुठला फॉर्म?"

"ऑक्टोबरातला. वितळण्याची चाचणी मी केलीच नव्हती. आता केली. हे बघा." मी कागद ठेवले. "काकांचे आकडे बरोबर होते. मॉडेल रोज सकाळी बर्फाचं वय शून्य करत होतं. माझ्यामुळे."

त्यांनी सफरचंद खाली ठेवलं. पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा उचललाच नाही.

"शुक्रवारी मी तुला विचारलं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो. शंका नव्हती. माहीतच होतं."

त्यांनी तिन्ही कागद एकावर एक नीट लावले. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं. "खाली सही माझी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "न बघता केलेली. आपण असं लिहू, चाचणीची प्रक्रिया अपुरी पडली."

"अपुरी नाही मॅडम. केली नव्हती, असं लिहा."

"तू मला आता भाषा शिकवू नकोस," त्या एकदम चिडून म्हणाल्या, आणि त्या चिडण्यानं मला जरा बरं वाटलं. पण त्यांनी तसंच लिहिलं. निरीक्षकाबद्दलचं वाक्य खोडलं. सेंटिमीटर पुन्हा जागेवर आला. मला लेखी ताकीद मिळाली आणि बर्फ माझ्याकडून काढून घेऊन दुसऱ्याला दिला. हे सगळं रास्तच होतं. कॉरिडॉरमध्ये माझ्याशी बोलताना लोक आता पुन्हा जपून बोलतात, पण काचेसारखं नव्हे. सांडलेल्या तेलाला वळसा घालून जावं तसे.

"आणि काका?" मी विचारलं होतं.

"चौकीवर यंत्र बसवायचा आदेश शनिवारीच निघाला. एक तारखेपासून. तो विषय वर्षभर चालूच होता, तुझ्यामुळे सुरू नाही झाला." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "घाई मात्र त्या वाक्यामुळे झाली. मी मागे घ्यायचा प्रयत्न केला. यंत्र गाडीत चढलंय म्हणाले."

रविवारी मी दोन्ही पोरांना घेऊन वर गेले. धाकटा पाठीवरच्या झोळीत, मुंगी पुढे, लाल बुटांनी प्रत्येक डबक्याची चौकशी करत. रस्त्यात तिला मी सांगितलं, तिला कळेल अशा भाषेत. आईनं एक काम केलं नव्हतं आणि केलं म्हणून खूण केली होती. म्हणून पाणी येणार हे कुणाला कळलं नाही. आजोबांनी बरोबर सांगितलं होतं आणि आईनं ऐकलं नाही. मुंगीनं ऐकून घेतलं. "मग आता आपण सॉरी म्हणायला चाललोय?"

"हो."

चौकीच्या दाराशी खोकी बांधून ठेवली होती. काका पट्टी उपटून भिंतीला टेकवून पुसत होते, वरून खाली, एकेक आकडा. मी बाळाला पाठीवर घेऊनच सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, कारण बसले असते तर धीर गेला असता. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. पुसणं मात्र थांबलं.

"म्हणजे डोळे ठीक आहेत माझे," ते म्हणाले.

"ठीक आहेत काका. सगळ्यात जास्त ठीक तुमचेच होते. मला माफ करा."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं डोळे पुसतील. त्यांनी तो मुंगीच्या हातात दिला आणि चौकीमागे उरलेल्या बर्फाच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "जा, पसरून बघ, काय दिसतं ते मला सांग." ती धावली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "असू दे, पोरी."

मी म्हणाले होते तितक्या सहज नाही. ते दोन शब्द त्यांना कुठूनतरी खोलातून आणावे लागले, हे मला दिसलं.

"आजोबा, तुमचा रुमाल चमकतोय!" मुंगी तिकडून ओरडली.

"चमकणारच," ते ओरडून म्हणाले आणि पुन्हा पट्टी पुसायला लागले.

उतरताना मुंगीनं एकाही डबक्यात पाय घातला नाही. तिच्या मुठीत रुमाल होता, त्यांनी परत घेतला नव्हता. खाली ओढ्याचा आवाज येत होता, आता साधा, रोजचा. वळणावर ती थांबली, मागे वळली, कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघत राहिली. एखादा खेळ आपण आजवर चुकीचाच खेळलो की काय, अशा नजरेनं.

"आई, तुला माहीत होतं ना आजोबांचं चुकलं नाही? मग ते आपल्या घरी सॉरी म्हणाले तेव्हा तू 'असू दे' का म्हणालीस?"